कोल्हारला लस आहे

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

डबा उघडला आणि टेस्ट पुन्हा लाल आली, म्हणजे नापास. सकाळपासून हिरवीच येत होती, म्हणून तर मी जेवायला बसले होते. भाकरी तशीच राहिली.

अमृत म्हणतो, जे समजत नाही ते साध्या मराठीत लिहून काढ, निम्मं तिथंच सुटतं. म्हणून लिहिते.

डॉक्टरांचा एक ट्रस्ट आहे. नगरला त्यांचं मोठं हॉस्पिटल, आणि राहुरी, देवळाली प्रवरा, कोल्हार, शेवगाव इथं छोटी केंद्रं. साप चावलेला माणूस आला तर लस कोणत्या केंद्रात किती शिल्लक आहे हे प्रत्येक सिस्टरला टॅबवर दिसावं, एवढं आमचं काम. नगरच्या सावेडीतलं आमचं ऑफिस म्हणजे एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. ज्ञानेश्वर सर मालक, अमृत सगळ्यांत जुना प्रोग्रामर, आणि मी सगळ्यांत नवी.

पायथनमध्ये लिहिलेला आमचा सर्व्हर दोन ठिकाणी चालतो. एक मुख्य आणि एक त्याची प्रत. मुख्याकडे झालेली नोंद प्रतीकडे जाते. मुख्य बंद पडला तर प्रत काम हातात घेते आणि सिस्टरला काही कळतसुद्धा नाही. ही देवघेव नीट होते का, ते तपासणं माझ्याकडे. टेस्ट अशी: दोन्ही प्रोसेस, म्हणजे मुख्य आणि प्रत, चालू करायच्या. मुख्याला सांगायचं, कोल्हारला दहा बाटल्या आहेत. मग सांगायचं, दहाही वापरल्या. तो म्हणतो, नोंद झाली. की लगेच त्याला मारायचं आणि प्रतीला विचारायचं, कोल्हारला किती? उत्तर शून्य यायला हवं. बहुतेक वेळा येतं. मधूनच कधीतरी दहा येतं.

हे आईला फोनवर सांगत होते तर ती मध्येच म्हणाली, "कुनाला मारायचं?"

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सापडलं. मुख्य आधी 'नोंद झाली' म्हणतो आणि मग ती नोंद प्रतीकडे पाठवतो. या दोहोंच्या मधल्या फटीत तो मेला तर नोंद त्याच्याबरोबरच जाते. सिस्टरला वाटतं लिहिलं गेलं, आणि प्रतीला काहीच माहीत नसतं.

अमृतला दाखवलं. त्याने खुर्ची ओढून सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला की हे त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. इतक्या मोकळेपणाने कुणी सीनियर बोलत नाही. उपाय मीच सुचवला: प्रतीने 'मिळालं' म्हटल्याशिवाय मुख्याने 'नोंद झाली' म्हणायचंच नाही. पण प्रत ठेवलेली आहे हॉस्पिटलातल्या मशीनवर आणि तिथली नेटची लाईन सारखी जाते. मग प्रत्येक नोंद अडकून बसेल आणि सिस्टर लोक कंटाळतील, असं अमृतचं म्हणणं. सरांचं म्हणणं वेगळं. उद्घाटनाची तारीख ठरली आहे, पाहुणे ठरले आहेत, आता पाया उकरायचा नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज फार बरं वाटतंय. अमृत दुपारभर माझ्या शेजारी बसला होता. त्याने टेस्टमध्ये एकच ओळ वाढवली: नोंद झाल्यावर दोन सेकंद थांब, मग मुख्याला मार. त्यानंतर संध्याकाळपर्यंत टेस्ट चालवत राहिलो, एकदाही लाल आली नाही. सर येऊन बघून गेले आणि माझ्याकडे बघून 'शाब्बास' म्हणाले.

अमृतने बदल माझ्या लॅपटॉपवरून, माझ्याच नावाने जमा केला. मी म्हटलं, ओळ तुमची आहे, तुमच्या नावाने टाका. तर म्हणाला, शोध तुझा, नाव तुझंच राहू दे. असं वागणारी माणसं कमी.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

अंघोळ करताना डोक्यात आलं की टेस्ट दोन सेकंद थांबते, पण खरा सर्व्हर पडताना कुठे थांबणार आहे?

ऑफिसात सगळ्यांसमोर विचारून बसले. अमृत हसला. म्हणाला, सर्व्हर काय मुहूर्त बघून पडतो का? वर्षातून एखाद्या वेळी पडणार, आणि नेमकं त्याच क्षणी कुणी नोंद करणार, असं कधी व्हायचं? सगळे हसले. मीही हसले. नंतर वाटलं, उगाच विचारलं. त्याने माझ्यासाठी एवढं केलं आणि मी त्यालाच सरांसमोर उघडं पाडायला निघाले.

तरी मनातून जात नाही. लिहून ठेवलं म्हणजे जाईल.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

दिवाळीला घरी जाऊन आले. शेवगावहून पुढे आमच्या फाट्यावर उतरले तेव्हा शेजारच्या गावची ऊसतोडीची टोळी निघाली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, भांडी, शेळी, बाया, सगळं एकत्र. या वर्षी देवळाली प्रवराकडे जाणार म्हणे. आई रस्त्याकडेला उभी राहून एकेकीला हाक मारत होती. ती स्वतः कितीतरी वर्षं ऊसतोडीला गेली, मी आश्रमशाळेत असताना. आता गुडघे उचलत नाहीत म्हणून घरी.

संध्याकाळी तिला कामाचं नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता दवाखान्यात गेल्यावर हितं न्हाई, तिकडं जा, तिकडून आनखी फुडं जा, असं न्हाई म्हननार?"

मी म्हटलं, नाही म्हणणार. जिथं लस आहे तिथंच पाठवणार.

आईने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली की तिच्या टोळीतली एक बाई अशीच तीन दवाखाने फिरून वारली होती. हे तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

उद्घाटन झालं. नगरला फीत, नारळ, भाषणं. मला मात्र सकाळीच देवळालीच्या केंद्रावर टॅब बसवायला पाठवलं होतं, त्यामुळे मी कार्यक्रमात नव्हते. फोटोत अमृत सरांच्या शेजारी आहे.

देवळालीच्या सिस्टरचं नाव स्नेहल. माझ्याच वयाची असेल. तिने टॅब दोन मिनिटांत समजून घेतला. आत्तापर्यंत पेशंट आला की ती सगळ्या केंद्रांना फोन लावत बसायची. विचारलं, "मग आता फोन नाही केला तरी चालेल ना?"

मी म्हटलं, गरजच नाही. इथं जे दिसतं ते खरं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज आमची प्रत पहिल्यांदा खरोखर कामाला आली. ट्रस्टला स्क्रीनवर नवं बोधचिन्ह हवं होतं. अमृतने ते दुपारी चढवलं आणि त्यासाठी मुख्य सर्व्हर बंद करून परत चालू केला. तेवढ्या वेळात प्रतीने सगळं सांभाळलं. एकाही केंद्रातून तक्रार नाही. परत उठल्यावर मुख्याने प्रतीकडून सगळा हिशेब घेतला आणि दोघं पुन्हा जुळले. सरांनी सगळ्यांना भेळ मागवली.

मला वाटलं होतं त्यापेक्षा सगळं किती सुरळीत झालं. उगाच महिनाभर जीव खाल्ला स्वतःचा.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

देवळालीच्या स्नेहलचा फोन आला. मदतीसाठीचा फोन माझ्याकडेच असतो. आधी वाटलं टॅब अडकला असेल. ती हळू आवाजात बोलत होती, कुणी ऐकू नये तशी.

बुधवारी दुपारी ऊसतोडीची एक बाई तिच्याकडे आणली होती. केशरबाई तिचं नाव. उसाचं पाचट ओढताना घोणस मनगटाला डसली होती. नवरा सहादेव उसाच्या ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर गेलेला, म्हणून दिराने, वैजनाथने, मोटारसायकलवर आणलं. मागे बसून टोळीतल्या झुंबरबाईने तिला धरलं होतं. देवळालीतली लस आदल्या दिवशीच संपलेली. स्नेहलने टॅब बघितला. राहुरीला लस होती आणि कोल्हारलाही दहा बाटल्या दिसत होत्या. राहुरीच्या रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, म्हणून ती वैजनाथला म्हणाली, कोल्हारला जा.

कोल्हारचा फ्रिज रिकामा होता. तिथल्या दहाही बाटल्या त्याच दुपारी दुसऱ्या एका पेशंटला दिल्या होत्या. तिथली सिस्टर शपथेवर सांगते की तिने तशी नोंद केली आणि स्क्रीनवर 'नोंद झाली' असं आलंही.

तिथून मागे फिरून राहुरीपर्यंत येईतो केशरबाईच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. राहुरीत लस दिली, नगरला हलवली. काल ती वारली.

स्नेहल म्हणाली, "आधी मी फोन करायचे. तुम्ही नको म्हणालात."

मी फक्त कोल्हारची नोंद किती वाजता केली ते विचारलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज ऑफिसला सुट्टी, पण किल्ली माझ्याकडे असते. टेस्टमधली ती थांबायची ओळ काढली. खूप वेळा हिरवी. मग लाल. कोल्हारला दहा.

कोल्हारच्या सिस्टरने नोंद केली, मुख्याने 'झाली' म्हटलं, आणि त्याच क्षणी अमृतने त्याला बंद केलं. मग मुख्य परत उठला तेव्हा प्रतीकडूनच शिकला की कोल्हारला दहा आहेत. चूक दोन्हीकडे सारखी झाली. आम्ही त्याला जुळले म्हणालो, आणि भेळ खाल्ली.

अमृतला फोन केला. त्याने आधी मी कुठून बोलतेय ते विचारलं. मग म्हणाला की खेड्यातली लाईन कशी असते तुला माहीत आहे, कोल्हारची नोंद पोचलीच नसेल. मी म्हटलं, तिथं 'नोंद झाली' आलं होतं. तो म्हणाला, सिस्टर लोक घाबरले की काहीही सांगतात. आणि हे कुणाला बोलू नको, तुझ्याच अंगाशी येईल. माझी काळजी वाटते म्हणून म्हणतोय.

काळजीने बोलला हे कळतं. पण ऐकून बरं वाटलं नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सरांना सगळं सांगितलं. टेस्ट त्यांच्या डोळ्यांसमोर लाल आणून दाखवली. मला वाटलं होतं ओरडतील. उलट त्यांनी मला पाणी दिलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, तू थकलीयेस, काही दिवस विश्रांती घे, लॅपटॉप इथंच ठेव म्हणजे कामाचा विचारही यायला नको. फक्त जायच्या आधी टेस्टमध्ये काय बदल झाला ते एका कागदावर लिहून सही करून दे, म्हणजे पुढचं ते बघतील. अमृतचं नाव घालू का विचारलं. म्हणाले, बदल कुणाच्या नावाने जमा आहे तेवढंच लिही, उगाच गुंता नको.

तसं लिहून दिलं. भला माणूस. इतर ठिकाणी मला दारातूनच हाकललं असतं.

संध्याकाळी ट्रस्टच्या मोठ्या डॉक्टरांना मी स्वतः मेल केली. काय घडलं ते सगळं, अमृतच्या ओळीसकट. पण केशरबाईच्या घरच्यांना कोण सांगणार? मेलमधून त्यांना काय कळणार?

गुरुवार, २७ नोव्हेंबर

देवळालीला गेले. आधी स्नेहलला भेटले. ट्रस्टचा एक माणूस येऊन तिला तोंड उघडू नको म्हणून गेला आहे. टोळीचा मुकादम विचारायला आला तेव्हा त्याच माणसाने त्याला सांगितलं की राहुरीत लस होती, पेशंटला कुठे न्यायचं ते नातेवाईक ठरवतात. स्नेहल शेजारी उभी होती आणि गप्प राहिली. हे सांगताना तिचे डोळे वर होत नव्हते.

कोप्या, म्हणजे टोळीच्या झोपड्या, कालव्याच्या पलीकडे आहेत, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या. दिवाळीला फाट्यावर पाहिलेली तीच टोळी. सहादेव एका कोपीसमोर बसला होता. उंच, वाळलेला माणूस, डोकं नुकतंच भादरलेलं. कोण कुठली म्हणून विचारलं. गावाचं नाव सांगितल्यावर झुंबरबाईची आणि आईची ओळख निघाली आणि तिने पोतं अंथरलं.

मग मला कळलं की वैजनाथ तिथं नाही. टोळीत बोलणं उठलं की राहुरी सोडून त्याने कोल्हार निवडलं ते तिथल्या देवीच्या भरवशावर. वैजनाथ देवीचा भक्त, गळ्यात ताईत, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. देवीच्या गावच्या दवाखान्यात गुण येईल, म्हणून तिकडे नेलं म्हणे. तो सारखा सांगत होता की सिस्टरने सांगितलं म्हणून गेलो. पण केंद्रात तो एकटाच आत गेला होता. झुंबरबाई बाहेर केशरबाईला धरून बसलेली. अग्नी देताना सहादेवने त्याला पुढे येऊ दिलं नाही. त्यानंतर वैजनाथ टोळीतून निघून गेला आणि फोन बंद.

मी सांगितलं. जमेल तेवढ्या साध्या शब्दांत. कोल्हारला लस आहे असं पडद्यावर दिसत होतं, ते खोटं होतं, ते आमच्या ऑफिसने केलं, तपासणारी मी होते, आणि सिस्टरने वैजनाथला तिकडे जायला सांगितलं होतं.

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. सहादेवने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "हे तुमी त्या दिवशी का न्हाई सांगितलं? मी माज्या भावाला ढकलून दिला."

एवढंच. मग तो उठून कोपीत गेला. झुंबरबाईने मला फाट्यापर्यंत सोडलं. ती म्हणाली, वाटेत केशर विचारत होती की भावजी, हिकडं कुठं? आणि वैजनाथ म्हणत होता, आलंच वैनी, हितं लस हाय. "तेव्हा मोटारसायकलच्या आवाजात मला नीट ऐकू आलं न्हाई, का मी ऐकलंच न्हाई, काय म्हाईत," ती म्हणाली.

रविवार, ३० नोव्हेंबर

काल आईचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं होतं. तिने शेजारच्या गावात चौकशी केली. वैजनाथ घरी परत आला आहे, दार लावून बसतो, शेजारणीने दिलेलं ताट तसंच बाहेर ठेवतो. मी सहादेवला कळवलं. आज तो शेवगावच्या स्टँडवर माझ्या आधी येऊन उभा होता. पुढे फाट्यावरून आईही बरोबर आली.

वैजनाथ पंचविशीचा असेल. भाऊ दारात दिसल्यावर तो आत सरकला, भिंतीला टेकेपर्यंत. सहादेव म्हणाला की चूक तुजी नव्हती, ह्या बाईनं सगळं सांगितलं. वैजनाथने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "शिकलेली बाई आनली समजूत घालायला. तुला अजून बी खरं वाटत न्हाई, दादा. लोकांसाठी मिटवायला आलाय."

त्याला हे वाटणार हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शब्दांनी काही होणार नव्हतं. कॉलेजातला जुना लॅपटॉप खोलीवर होता, तो मी पिशवीत घातला होता. त्यावर दोन दिवसांत तेच छोटं करून लिहिलं होतं: दोन प्रोसेस, दोन चौकटी, डावीकडे मुख्य, उजवीकडे प्रत. उंबऱ्याजवळ उजेडात ठेवला. म्हटलं, तुम्हीच करा, वैजनाथभाऊ. इथं लिहा, कोल्हारला दहा. आता लिहा, दहा वापरल्या. बघा, काय म्हणतो? त्याने वाचलं, नोंद झाली. आता हे बटण, म्हणजे हा मेला. आता त्या दुसऱ्याला विचारा.

शून्य आलं.

पुन्हा केलं. शून्य. पुन्हा. शून्य. ऑक्टोबरात मी देवाला विनवत होते की लाल येऊ नये, आणि आज ती यावी म्हणून विनवत होते. सहादेव माझ्याकडे बघायला लागला. वैजनाथ उठला. म्हणाला, "बरूबर तर दावतंय की सारखं."

मी म्हटलं, बसा. पाया पडते, बसा. वैजनाथ बसेना, म्हणून सहादेवने बटण दाबलं. त्याचं बोट जाड, राठ, ते लगेच पडलं, जवळजवळ नोंदीच्या बरोबरच.

उजवीकडे आलं: कोल्हार, दहा.

वैजनाथ खाली बसला. बोट लावून वाचलं. "हेच," म्हणाला. "सिस्टरच्या पाटीवर हेच हुतं. मी बगितलं हुतं. धा." मग म्हणाला, परत करा. सहादेवने परत केलं. शून्य आलं, मग शून्य, मग दहा. दर वेळी दहा आलं की वैजनाथ ते मोठ्याने वाचायचा. शेवटी त्याला वाचता येईना. सहादेवने लॅपटॉप बाजूला सारला आणि त्याचं डोकं धरलं. मी बाहेर येऊन आईजवळ बसले.

आईने विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं. पण काय झालं, ते मला नीट सांगता आलं नसतं. ती बाई तर गेलीच.

गुरुवार, ४ डिसेंबर

कामावरून काढल्याची मेल आली. सोबत ट्रस्टला पाठवलेल्या पत्राची प्रत. त्यात लिहिलं आहे की चाचणीत बदल एका नवशिक्या कर्मचाऱ्याने परस्पर केला आणि तसं तिने लेखी कबूल केलं आहे. खाली माझी सही.

अमृतचा फोन लागत नाही. सरांनी त्याला गप्प केलं असेल. नाहीतर तो बोलला असता.

हे वाक्य परत वाचलं. ऑक्टोबरच्या त्या शनिवारी लॅपटॉप माझा होता, बटण त्याने दाबलं, आणि मला केवढा आनंद झाला होता. आता पुढे लिहवत नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

ट्रस्टच्या डॉक्टरांचं उत्तर आलं: विषय विचाराधीन आहे. टॅब अजून चालूच आहेत. अमृतने प्रतीचं काही केलं की नाही, मला कळायला मार्ग नाही.

आईला मी घरी आहे ते आवडतं, पण तसं ती म्हणत नाही. सकाळी माझ्यापुढे चहा ठेवते आणि जाऊन दुसऱ्या खोलीत बसते. मला झोप नाही. शेवगावच्या एका दुकानात कॉम्प्युटरचं काम आहे, बघून ये म्हणाली. गेले नाही.

दुपारी स्नेहलचा फोन आला. तिने आपल्या टॅबच्या काचेवर कागद चिकटवला आहे: आधी फोन करा. ट्रस्टच्या माणसाने तो फाडला, तिने दुसरा चिकटवला. मुकादमालाही तिने स्वतः जाऊन सांगितलं की कोल्हारला जा असं मीच म्हणाले होते. नोकरीचं काय होईल विचारलं तर म्हणाली, बघू.

वैजनाथ टोळीत परतला आहे, हेही तिनेच सांगितलं. तोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असं मुकादम धरतो; एक तोडतो, एक मोळ्या बांधतो. केशरबाई गेल्यापासून सहादेवची जोडी मोडली होती, आणि मुकादम त्याला घरी पाठवायला निघाला होता. भाऊ आला तसे दोघं उसाच्या एकाच फडात उतरले. फारसं बोलत नाहीत म्हणे. मुकादमाने सगळ्यांसमोर विचारलं, बाईमाणूस न्हाई, मंग तुजा कोयता कसा धरू?

सहादेव म्हणाला, "माज्या भावाला धरा."

आणि वाकून तोडायला लागला.